लहान म्हणून सोडलेले

लिहिणं हा काही माझा प्रांत नाही. पण माझा मेव्हणा चार वाक्यंसुद्धा सलग बोलायचा नाही, तो लिहिणार कुठून?

तो पाणबुड्या होता. समुद्रातल्या खडकांच्या कपारींतून अ‍ॅबलोन काढायचा. अ‍ॅबलोन म्हणजे पाठीवर कानाच्या आकाराचा एकच शिंपला असलेली गोगलगाय. खडकाला ती अशी चिकटते की लोखंडी पट्टीने उचकटावी लागते. मेव्हणा होडीत बसून प्रत्येक शिंपला मापायचा, लहान निघाला की परत पाण्यात टाकायचा. सोबतचे टोमणे मारायचे, "साधुमहाराज, आमच्या वाटचं पुण्यही तुम्हीच घ्या!"

"पिल्लं आहेत रे, वाढू देत," तो म्हणायचा.

पुढे ही जात दिसेनाशी झाली आणि पकडायला बंदी आली. पाहणीला एक संशोधक बाई आल्या. म्हणाल्या, "मामा, तुम्ही लहानांना कधी हात लावला नाहीत म्हणे! पाणबुड्यांच्या बैठकीत सगळ्यांना तुमचं उदाहरण देणार आहे."

मेव्हणा सुखावला. जागा दाखवायला तो त्यांच्याबरोबर पाण्यात उतरला. बऱ्याच शोधानंतर कपारीत एक अ‍ॅबलोन दिसलं. मापायला म्हणून त्याने पट्टी घातली, तोच बाईंनी त्याचं मनगट धरलं. वर आल्यावर म्हणाल्या, "उचकटताना त्याच्या पायाला, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या मांसाला, चीर पडली तर रक्त थांबत नाही. आणि वरून टाकलं की तळाशी उताणं पडतं. मासे सोडत नाहीत."

त्या रात्री तो आमच्याकडे जेवायला होता. ताट त्याने बाजूला सारलं.

"दादा, तुला कुठे ठाऊक होतं?" माझी बायको म्हणाली. "बाई कौतुक करतायत ना? मग गप्प बसून ऐकून घे."

"अगं, रोज टाकायचो मी."

बैठकीत बाईंनी त्याचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. माझी बायको त्याच्या शेजारी बसून पदराशी चाळा करत होती. मेव्हणा उठला. "मी लहानांना हात लावायचो. उचकटायचो, मापायचो आणि होडीतून खाली टाकायचो. जगली नसणार ती."

मग टोमणे मारणाऱ्यांतलाच एक म्हातारा त्याला धीर द्यायला म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस, गड्या. तुला हसायचो खरं, पण पुढे तुझंच बघून मीही तसंच टाकायला लागलो."

मेव्हण्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"अजून कोणी?" त्याने विचारलं.

मागच्या रांगांतून एकेक हात वर यायला लागला.