उन्हात मेलेलं मीठ

गोडधोड दिलं तर आमचे आबा ते गल्लीतल्या लेकरांना वाटून मोकळे व्हायचे, पण चान्यांच्या बाबतीत त्यांना मी, पोटचा पोरगाही परका होतो. चान्या म्हणजे मटणाच्या वीतभर पट्ट्या. त्यांना मीठ-हळद चोळायची, घराच्या माळवदावर दोरीला टांगायच्या, चार-पाच कडक उन्हं दाखवायची. आमचं घर हिंगोलीकडच्या गोरेगावजवळचं, शेरडं-मेंढरं राखणारं. घरचं बकरं कापलं की उरलेल्या मटणाचं हेच व्हायचं. कडेला चरबी राहिलेली पट्टी आबांची, यात वाद नसे. ती ते स्वतःच निखाऱ्यावर धरत. चरबी सुटून चर्र झालं की ती ज्वारीच्या भाकरीवर निथळू देत आणि म्हणत, "काजूबदाम खाणाराला काय कळून राहिलं हे!"

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. आबांना चक्कर येऊ लागली, म्हणून जीपनं हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि सांगितलं, "मीठ बंद. लोणचं, पापड बंद. नाहीतर एक दिवस लकवा मारेल."

येताना जीपमध्ये आबा खुशीत. "लोणचं म्हणला, पापड म्हणला. चान्याचं नाव काढलं का त्यानं?"

"आबा, चान्यातबी मीठच असतंय."

"असंना. ते उन्हात मरतंय की!"

हे काही त्यांनी त्या दिवशी रचलेलं नव्हतं. आमच्या घरात सगळे तसंच मानत. वाळलेल्या पट्टीवर पांढरी पूड यायची. माय ती हातानं झटकायची आणि म्हणायची, "बघ, मेलेलं मीठ वर आलं." झटकलं की चानी निर्दोष.

त्याच आठवड्यात मी पाचवीच्या पोरांसमोर मिठाचं पाणी ताटलीत घालून उन्हात ठेवलं होतं. पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं, असं सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिलंही होतं. म्हणजे मला माहीत होतं. अडाणी आबा होते, माय होती. मी नव्हतो.

मायनं पथ्य असं धरलं की विचारू नका. डाळ अळणी, भाजी अळणी. आबा ताट सरकवून उठायचे. गळ्याची हाडं वर आली. चानी असली तरच भाकरी घशाखाली उतरायची. मग मीच बाजारातून मटण आणू लागलो. रविवारी पट्ट्या कापायच्या, मूठमूठ मीठ चोळायचं, काठी घेऊन कावळे हाकत बसायचं. "खाल्ल्या मिठाला जागलास, मास्तर," असं आबा हसून म्हणायचे आणि मी फुगून जायचो. ज्यांनी जन्मात कुणाला चानीचा वाटा दिला नाही, ते आता चरबीची कड मोडून माझ्या भाकरीवर ठेवू लागले. त्या तुकड्यासाठी मी गप्प राहिलो. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

दोन वर्षांनी एका सकाळी आबांच्या हातातला तांब्या गळून पडला. तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "मीठ बंद केलं होतं ना?"

माय पुढं झाली. "दोन साल झाले साहेब, भाजीत मिठाचा खडा न्हाई टाकला."

डॉक्टरांनी तिच्याकडे, खोटं बोलणाऱ्याकडे बघतात तसं पाहिलं. "मग असं व्हायला नको होतं," म्हणाले. मी फाईल धरून शेजारीच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो नाही.

आबा आठ महिने जगले. त्यांची वाचा गेली होती. माय चमच्यानं पेज भरवायची, निम्मी बाहेर यायची. ते माळवदाकडे, चान्यांच्या त्या रिकाम्या दोरीकडे बघत राहायचे. तेवढी नजर मला पेलायची नाही, मी शाळेचं निमित्त काढून निघून जायचो.

ते गेल्यावर मायनं एकच ध्यास घेतला. "माझाच हात चुकला असंल. कालवणात सवयीनं पडलं असंल मीठ. तुला कधी खारट लागलं का रे?"

"न्हाई, माय."

"मग काहून झालं असं?"

दरवर्षी पाचवीचा तो धडा येतो. ताटली वाळते, पोरं ओरडतात, "मीठ खाली राहिलं गुरुजी!" दरवर्षी ठरवतो की आज घरी जाऊन सांगायचं. घरी जातो तेव्हा माय चुलीपाशी बसलेली असते. आबा गेल्यापासून तिनं मीठ सोडलंय. स्वतःसाठी अळणी काढून ठेवते, माझ्या ताटाशी मिठाची वाटी सरकवते.

"घे बाबा," म्हणते. "तू काय केलंस? तुला कशाला सजा?"

आणि मी चिमूटभर घेतो.