आत्याला राखणारा कुत्रा

माझ्या आत्याकडे मेंढ्या राखणाऱ्या जातीचा कुत्रा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मेंढ्या कुठून आणायच्या, म्हणून तो आत्याला राखायचा. हे वाक्य माझं नाही, आतोबांचं. आल्यागेल्या प्रत्येकाला ते ऐकवायचे आणि लोक हसायचे. मीही हसलेय, नाही कशाला म्हणू.

कुत्र्याचं नाव मुकादम. आत्याने दाराजवळच्या मांडणीवरून चपला उचलल्या की हा उठायचा, तिच्या आणि दाराच्या मध्ये आडवा व्हायचा आणि खांद्याने तिच्या नडग्या रेटत रेटत तिला शिवणयंत्रापर्यंत मागे आणून सोडायचा. दात दाखवणं नाही, भुंकणं नाही. मग आतोबा खुर्चीतूनच बिस्किटांचा डबा उघडायचे. "शहाणं माझं," म्हणायचे. "काय करणार, जातच तशी. रक्तातच आहे त्याच्या."

आता आतोबांबद्दल कुणी वाईट बोलणार नाही. गोदामावर देखरेख करण्यात जन्म गेला, पण हाताखालच्या माणसावर कधी आवाज चढवला नाही, आत्यावर तर नाहीच. भाजी तेच आणायचे, आत्याने शिवलेले कपडे गिऱ्हाइकांकडे तेच पोचवायचे. तू कशाला दगदग करतेस, असं वर म्हणायचे. इतका चांगला माणूस की माझ्या डोक्यात तिडीक जायची, आणि कशाबद्दल ते मला सांगता यायचं नाही.

आत्या कपड्यांची दुरुस्ती करते. पॅन्टची उंची कमी कर, चेन बदल, कोटाचं अस्तर घाल. तिच्या हातची शिवण उसवायला गेलात तर कापड फाटेल, शिवण नाही. समोरच्या गल्लीतल्या शिवणाच्या कारखान्याची मालकीण हात धुऊन तिच्या मागे लागली होती, की कापड कापायचं टेबल सांभाळायला या. आत्याने एकदा यंत्र थांबवून मला सांगितलं, "मला जायचंय गं. इथे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते. तिथे माणसं आहेत. आता नाही गेले तर मी या खोलीतच संपेन." मग दाराकडे बघून म्हणाली, "पण हा मुकादम."

पुढे आतोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळे बरे होईपर्यंत घरात कुत्र्याचे केस नकोत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मुकादम माझ्याकडे आला. पहिल्या सकाळी मी कामावर निघाले, चपला घातल्या, दार उघडलं. याने एक डोळा उघडला आणि परत मिटला. मी मुद्दाम आतबाहेर करून पाहिलं. ढिम्म. मला तर अपमान झाल्यासारखं वाटलं. मग एकदा मी निघताना नवऱ्याने चहा पिता पिता सहज घसा खाकरला, "हं." मुकादम ताडकन उठून दारात आडवा.

मी चपला हातात घेऊन तिथेच खाली बसले. आत्या निघाली की आतोबा 'हं' म्हणतात. नेहमीच. वर्तमानपत्रातून मान वर न काढता. इतकं हलकं की आम्ही कुणी ते कधी मनावर घेतलंच नव्हतं. कुत्र्याने घेतलं होतं. रेटायची हौस त्याला जातीने दिली असेल, पण कुणाला रेटायचं आणि कधी, ते डब्यातल्या बिस्किटांनी शिकवलं होतं.

मी आत्याला फोन करून सगळं सांगितलं. तिने चालू यंत्र थांबवलं. मग म्हणाली, "बरं." मला वाटलं, धक्का बसला असेल. मी हट्टालाच पेटले. नवऱ्याला कामाला लावलं. तो संध्याकाळभर 'हं, हं' करत बसायचा आणि मुकादम जागचा हलला नाही की मी त्याला बिस्कीट द्यायची. नवरा म्हणाला, "आता मलाही एक दे, घसा बसला माझा." पण मुकादम सुधारला. 'हं' ऐकून नुसतं शेपूट हलवत बसून राहायला लागला.

तोवर मालकिणीने निरोप धाडला होता, की सोमवारी या, नाहीतर टेबल दुसरीला देते. सोमवारी सकाळी मी मुकादमाला घेऊन आत्याकडे गेले. आतोबा बरे होऊन खुर्चीत वाचत बसले होते. आत्या तयार होती. इस्त्रीचे कपडे, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली मोठी कात्री. तिने चपला घातल्या. मी दार सताड उघडलं.

"हं," खुर्चीतून आलं.

मुकादमाने आतोबांकडे पाहिलं, जांभई दिली आणि सरळ बाहेर जाऊन जिन्याच्या कठड्याशी बसला. जिंकलो, असं मला झालं. मागे वळले तर आत्या उंबऱ्याच्या आतच उभी. मध्ये काहीही नव्हतं.

"आत्या, चल की. तो बघ, बाहेर गेलासुद्धा."

तिच्या कपाळावर घाम आला होता. "ते 'हं' मुकादमासाठी नव्हतं गं," ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली. "तो यायच्या आधीपासूनचं आहे. लग्न झालं तेव्हापासूनचं. कुत्रा असं करायला लागला तेव्हा मला बरंच वाटलं. लोकांना सांगायला कारण मिळालं."

मी तिचा हात धरला आणि ओढला. खरंच ओढला. तिने तो सोडवून घेतला, चपला काढल्या, मांडणीवर जोडीने ठेवल्या आणि यंत्रापाशी जाऊन पिशवीतून कात्री काढली.

आतोबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "शहाणी माझी," ते म्हणाले.

मी मुकादमाला आत बोलावलं. तो आला नाही. कठड्याशी बसून दाराकडे बघत राहिला, ती अजून यायची आहे म्हणून.