सात गाठींचा मुद्देमाल

दारूच्या मक्तेदाराने मला फसवले आणि माझ्या खात्याने त्याला बक्षीस दिले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत आनंदाची आहे आणि तिच्या भरात हे सांगायचे राहून जाईल.

नोकरीत शेकडो पंचनामे केले, त्यांतले बहुतेक विसरलो. पण खापरच्या बाजारात जप्त केलेला तो हातभर दोरा आणि ज्या बाईच्या कनवटीतून तो निघाला ती बाई, दोन्ही अजून डोळ्यांसमोर आहेत.

इंग्रजी अमदानी होती. मी तापीकाठचा. आई बाजारात भाजी विकायची. घासाघीस मी तिच्या पाटीजवळ बसून शिकलो, राग मात्र माझा स्वतःचा. शिपाई म्हणून लागलो आणि खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. शिफारस कोणाची नव्हती.

खबर द्यायला खापरचा दारूचा मक्तेदार स्वतः ठाण्यात आला. म्हणाला, डोंगरातल्या पाड्यापाड्यांत गाठी मारलेले दोरे फिरत आहेत. लोक रोज सकाळी एक गाठ सोडतात. शेवटची गाठ सुटेल त्या दिवशी सगळे खाली उतरून बाजार जाळणार. प्रत्येक पाड्याला काठ्या घेऊन यायचा निरोप आहे आणि दोरे वाटणारी ती बाई आहे.

बाई आम्हाला ठाऊक होती. नंदुरबारकडची, चाळिशीतली विधवा. पाच-सहा वर्षे डोंगरात फिरून आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची, टाकलेल्या बायकांची सेवा करी. बाजाराच्या दिवशी ती मक्तेदाराच्या दुकानासमोर गोधडी अंथरून बसे आणि आत जाणाऱ्याला थांबवून त्याच्या मुलांची नावे विचारी. एवढेच. पण चार मुलांची नावे सांगून झाल्यावर पाचातले तीन जण परत फिरत. हे माहीत असूनही मक्तेदाराच्या खबरीत मला काळेबेरे दिसले नाही. मोठी केस हाताला लागल्याचा आनंद माणसाला आंधळा करतो.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी तिला ताब्यात घेतले. पंचांसमक्ष झडती झाली. सात गाठींचा एक दोरा, औषधाच्या पुड्या आणि कागदांची पिशवी मिळाली. सगळ्यावर लाखेची मोहोर करून कपाटात ठेवले. बाईंना कोठडीत न ठेवता व्हरांड्यात बसवले, राखणीला जमादाराची बायको. दुसऱ्या दिवशी पाहतो तो पोलीस लाइनीतल्या सगळ्या बायका मुलांची खरूज दाखवायला रांगेत बसलेल्या, आणि राखणदारीण पाणी तापवते आहे.

चौकशीत मी कचेरीच्या मराठीत सुरुवात केली. दोरे कशासाठी? बाई म्हणाल्या, पुढच्या बाजाराच्या दिवशी खापरला डोळ्यांचा मोठा डॉक्टर येणार आहे, मोतीबिंदू काढायला. वर्षभर विनवण्या केल्या तेव्हा एकदाच यायला कबूल झालाय. डोंगरात तारीख कोणाला कळत नाही, म्हणून गाठी. मी टेबलावर मूठ आपटली आणि रागाच्या भरात घरच्या बोलीत घसरलो, डॉक्टर खापरले कसाले यी म्हणून ओरडलो. बाई घाबरायच्या ऐवजी खुलल्या.

"आते कसा आपला मानूस बोलना," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आपले म्हणणे मांडले. त्यांच्याकडचा दोरा जप्त झाला तो झाला, पण त्याची गाठ रोज सुटलीच पाहिजे. डोंगरातल्या लोकांना यापूर्वी कितीदा तरी खाली बोलावून वेठीला धरले होते. म्हणून एका पाड्याच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने अट घातली होती: आंधळ्यांना आम्ही आणतो, पण आल्या आल्या आधी तुझा दोरा बघू. तो मोकळा असेल तर तू आमच्याबरोबर दिवस मोजलेस. गाठ शिल्लक दिसली तर आम्ही तिथूनच परत.

"दादा, दोरा तुन्हा कपाटमा ऱ्हाऊ दे, मन्हं काही म्हननं नही. पन रोज सकायले एक गाठ सोडजो. इतलं कर."

मोहोरबंद मुद्देमाल उघडणे म्हणजे नोकरीशी खेळ. मी साफ नकार दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागणे. मग मी सौदा टाकला: गाठ सोडतो, पण काठ्या कुठे जमवल्या ते सांगा. बाईंनी कारभाऱ्याच्या पाड्याचे नाव तर सांगितलेच, पण त्या बदल्यात मागची चुकलेली गाठही सोडून घेतली आणि रोग्यांना निजवायला ठाण्यातली बाके खापरला नेण्याचे कबूल करून घेतले. आईनंतर मला घासाघिशीत हरवणारी तीच एक. रागाने मी ठाणे डायरीत नोंद केली: 'मुद्देमालातील दोन गाठी सोडल्या.' लपवून काही करायचे नाही, हा माझा बाणा. पुढच्या गाठी जमादाराला नेमून दिल्या आणि भिल्ल शिपायाला घेऊन डोंगर चढलो.

कारभाऱ्याच्या ओसरीत काठ्यांची मोळी खरेच होती. एक उचलली. सोललेला हिरवा बांबू, इतका हलका की त्याने कुत्रेही हाकलता आले नसते. एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. अंगणात एक सून काठीचे एक टोक धरून पुढे चालत होती आणि चिंधीचे टोक धरून तिची आंधळी सासू मागे. उतरणीची सवय करत होत्या. म्हातारीने माझा आवाज ऐकला, जवळ येऊन कोटाची बटणे चाचपली, पट्टा चाचपला आणि काहीतरी विचारले. शिपाई हसू दाबत म्हणाला, "साहेब, ती विचारते, तूच का तो डॉक्टर?"

मी तसाच डोंगर उतरलो.

ठाण्यात येऊन बाईंची कागदांची पिशवी फोडली. जप्त करताना मी ती वाचली नव्हती, ही चूक माझी. आत रोग्यांची यादी, माथ्यावर डॉक्टर येण्याचा दिवस आणि दोरे-काठ्या कशासाठी त्याची सूचना. खापर गावच्या सदरात पहिलेच नाव मक्तेदाराच्या वडिलांचे, आणि ते मक्तेदाराने स्वतःच्या हाताने लिहून खाली खबरीच्या आधीची तारीख घालून सही केलेली. म्हणजे दोरे कशाचे, काठ्या कशाच्या, हे त्याला खबर देण्याआधीच माहीत होते. त्याला बोलावून यादी समोर ठेवली. आधी सही आपली नाही म्हणाला, मग घाम पुसत म्हणाला, बाई दुकानासमोरून उठावी एवढाच हेतू होता.

मी तसा अहवाल जिल्ह्याच्या कचेरीत धुळ्याला पाठवला. उत्तर आले: खबर गंभीर आहे, तो दिवस उलटेपर्यंत बाईला सोडू नये. मी हुकूम दोनदा वाचला. सोडू नये म्हटले होते, कुठे नेऊ नये असे कुठेच म्हटले नव्हते. बाजाराच्या दिवशी बाईंना 'तपासकामी' पोलीस बंदोबस्तात खापरला नेले. बाके बैलगाडीत घातली. दोरा माझ्या खिशात.

दिवस वर आला आणि पावा ऐकू आला. मग ती माणसे दिसली. एकामागे एक, काठीच्या पुढच्या टोकाला डोळस आणि मागच्या टोकाला आंधळा. काही थेट मणिबेलीकडून दोन दिवस चालून आलेली. सगळा बाजार उठून उभा राहिला. कारभारी बाईंसमोर थांबला आणि त्याने हात पुढे केला. मी पाकीट फोडून दोरा दिला. त्याने तो नुसता पाहिला नाही, मागे वळून त्या म्हातारीच्या हातात दिला. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बोटे फिरवली. एकही गाठ लागली नाही. ती हसली, आणि मागची सगळी रांग बसली.

डॉक्टर आला, बाकांवर मोतीबिंदू काढायला सुरुवात झाली, आणि मक्तेदाराच्या बापाला बाईंनी पहिला नंबर दिला. माझे डोके तापले, मी तसे बोललोही.

"डोया बापना शेत, लबाडी पोऱ्यानी शे," त्या म्हणाल्या, म्हणजे डोळे बापाचे, लबाडी पोराची. "म्हताराले कसाले ताटकयत ठेवू?"

हुकमातला दिवस उलटताच बाईंना सोडले. डोळ्यांवरच्या पट्ट्या सुटायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. म्हातारीने सुनेला पाहिले, आभाळ पाहिले, मग मला पाहून खूप वेळ हसत राहिली. शिपाई सांगेना, मी दरडावले तेव्हा म्हणाला, "आवाज एवढा मोठा आणि माणूस एवढासा, म्हणते."

त्या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. कागद आधी वाचावा, मग मोहोर लावावी. आणि माणसाच्या हातात काठी दिसली की तिच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहावे.

खाते मात्र काही शिकले नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, पंचनाम्यात सात गाठी, दोऱ्यावर एकही नाही, हे कसे? मी म्हणालो, दिवस गेले, साहेब. ते हसले नाहीत. मुद्देमालात फेरफार म्हणून माझ्यावर ठपका आला आणि बढती गेली. माझा अहवाल बाजूला ठेवून मक्तेदाराला 'वेळीच खबर दिल्याबद्दल' प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्याने दुकानात टांगले. आणि बाईंच्या नावापुढे 'संशयित' हा शेरा पडला. डोंगरात दवाखाना मागणारे त्यांचे अर्ज दर वेळी त्याच शेऱ्यावर अडले. राज्य बदलले, शेरा बदलला नाही. बाई तो नावावर घेऊनच गेल्या.

आज त्या साहेबांच्या खुर्चीवर जो कोणी बसला आहे त्याच्यापुढे मी शेवटचा सौदा ठेवतो. माझा ठपका राहू द्या, बढतीही नको. बाईंच्या नावापुढचा तो एक शब्द खोडा. आणि खोडता येत नसेल, तर इतकी वर्षे तो कोणाच्या सहीने राहिला, त्या माणसाचे नाव मला लेखी कळवा.