गल्लीवरचं ऊन

कापसाचा बोळा पिवळा निघत होता, म्हणून मी थांबलो नाही.

धुळ्यातल्या एका फ्रेमिंगच्या दुकानात मी जुनी चित्रं साफ करतो. समोर पारोळ्याजवळच्या खेड्यातली एक गल्ली होती. धाब्याची घरं, एक निंब, भिंतीला टेकवलेली सायकल. इम्प्रेशनिस्ट पद्धतीचं काम, म्हणजे जवळून नुसते रंगाचे फटकारे. मागे सरकलं की गल्ली दिसते. चित्र आणून देणाऱ्या, त्याच खेड्यातल्या आबांच्या मुलाने कॉलेजात असताना ते काढलं होतं. मुलगा गेल्या वर्षी अपघातात गेला. वर्षश्राद्धाला चित्र मांडायचं होतं.

तैलचित्रावर व्हार्निशचा लेप असतो. जुना झाला की तो पिवळा पडतो. सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे व्हार्निश विरघळवणाऱ्या द्रवात, कापूस बुडवून तो लेप पुसून काढायचा. आधी कोपऱ्यात टेस्ट घ्यायची. मी घेतली. खालचा रंग हलला नाही. मग पुढे गेलो. पिवळं निघत होतं, निळं आभाळ वर येत होतं. खोटं कशाला सांगू, मजा येत होती.

वाळल्यावर मागे सरकून पाहिलं तेव्हा समजलं. सावल्या तोकड्या, दुपारच्या, आणि ऊन कुठेच नाही. पोराने शेवटी गल्लीवर पिवळ्याचा पातळ, पारदर्शक हात फिरवला होता. त्याला ग्लेझ म्हणतात. त्यात व्हार्निश मिसळलेलं असलं, तर तेही त्याच सॉल्व्हंटने निघतं. कोपऱ्यात ग्लेझ नव्हतंच.

दुकानाच्या शेठना सांगितलं. ते म्हणाले, "चकाचक दिसतंय. तू फक्त तोंड उघडू नको."

आबा आले. चार पावलं मागे सरकून त्यांनी चित्र पाहिलं.

"हाई ते सकायनं दिखस, भाऊ. त्यानी भर दुपारले काढं व्हतं. मी त्याना डोकावर छत्री धरीसन उभा व्हतू. मना पाय भाजनात."

"धूर बसला होता आबा त्याच्यावर," शेठ म्हणाले. "आत्ता खरे रंग निघाले."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "हां का, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

"मंग मीच इसरी गऊ व्हसू."

आपणच विसरलो असू असं मानून, चादरीत गुंडाळून ते चित्र घेऊन गेले.

चित्र मी चुकून बिघडवलं. त्यांची ती दुपार मात्र कळूनसवरून काढून घेतली.

आता मी टेस्ट मधोमधही घेतो. सॉल्व्हंटची बाटली उघडण्याआधी चित्र आणणाऱ्यांना विचारतो, हे कोणत्या वेळचं आहे. आबांकडे अजून गेलेलो नाही. धुळ्याहून पारोळ्याला दिवसभर बस असतात.