एकोणबाई

पोराला वाचता आलं की एकोणबाई त्याला हाकलून देत. हो, हाकलूनच! बाकीचे क्लासवाले एकदा धरलेलं पोर दहावीपर्यंत सोडत नाहीत. या बाईंची तऱ्हाच उलटी. किराण्याच्या पुडीचा कागद सरळ करून पोरासमोर धरायच्या. कधी न पाहिलेला तो मजकूर त्यानं न अडखळता वाचला आणि पाटीवरची हातच्याची वजाबाकी बरोबर सोडवली, की म्हणायच्या, "झालं तुझं. उद्यापासून येऊ नकोस." पोर उड्या मारत घरी जायचं. बाई उरलेल्या पोरांकडे वळायच्या, पण त्या दिवशी त्यांचं शिकवण्यात लक्ष नसायचं.

एकोणबाई हे नाव पोरांनीच पाडलेलं. शिर्डीत, देवळाच्या गर्दीपासून चार गल्ल्या मागं, दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. वडील कारखान्यात कारकून होते, ते गेले, भाऊ पुण्याला, लग्न केलं नाही. पहिली ते चौथीच्या पोरांना वाचन आणि गणित, एवढंच शिकवायच्या. गणितात त्यांचा सगळा जीव एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी यांच्यात. "एकोणऐंशी" म्हटलं की पोरांच्या कानात ऐंशी शिरतं आणि ती बिनधास्त आठावर नऊ लिहून मोकळी होतात. बाई कपाळाला हात लावायच्या. "अरे, एकोण म्हणजे एकानं उणं. ऐंशीत अजून पोचलाच नाहीस तू! घराच्या अलीकडं एक पाऊल उभा आहेस."

वाचनात आमची एक खोड होती, ती फक्त आमच्याच गावच्या पोरांत सापडेल. बाराखडी यायच्या आधीच आम्हाला दुकानांवरच्या पाट्या पाठ. त्यामुळे 'प्र' दिसला की आम्ही डोळे मिटून 'प्रसाद' वाचायचो. प्रवास असो, प्रश्न असो, प्रधान असो, सगळा प्रसाद! एकदा तर एकानं "राजाने प्रसादाला फाशी दिली" असं खणखणीत वाचलं. बाई एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग पाणी पुसून म्हणाल्या, "अंदाज मारायचा नाही रे. अक्षराला विचार, ते सांगतं."

मी तिसरीत त्यांच्याकडे जायला लागले. आई-वडिलांचा फुलांचा स्टॉल होता. पहाटे जायचे ते दिवसभर तिकडेच. शाळा सुटली की गळ्यातल्या किल्लीनं मी कुलूप काढायची, आणि आत कुणी नसायचं. रस्त्यावर ही झुंबड, माणसाला माणूस घासत चाललेलं, आणि घरात मी आणि पंखा. बाईंकडे बसलं की बरं वाटायचं. त्या काही लाडबीड करणाऱ्या नव्हत्या, पण "जेवलीस का गं?" एवढं रोज न चुकता विचारायच्या.

दिवाळीपर्यंत मला सगळं वाचता येऊ लागलं. आता पुडीचा कागद येणार, आणि मग ते "उद्यापासून येऊ नकोस". मी काय करावं? कागद समोर आला तसा मी 'प्रवास'चा 'प्रसाद' केला. पाटीवर एकोणऐंशीला आठावर नऊ काढले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "उद्या बघू."

ते "उद्या बघू" दीड वर्ष चाललं. माझ्या मागून आलेली पोरं शिकून गेली, मी आपली प्रसादातच. मला वाटायचं, काय फसवलं बाईंना! आता हसू येतं त्या शहाणपणाचं.

चौथीचा निकाल लागला त्या दिवशी आई स्टॉल सोडून पेढे घेऊन आली. "बाई, लई उपकार झाले तुमचे. गुरुजींनी वैशीला समद्या वर्गापुढं वाचाया लावलं, एकदा बी अडखळली न्हाई म्हनं. गनितात तर पैकीच्या पैकी हायेत!"

बाईंच्या मांडीवर माझी पाटी होती. तिच्यावर माझे आठावर नऊ, चांगले ठळक. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. आईची नजर जायच्या आत बाईंनी तळहातानं पाटी पुसली.

"ताई, तुमची पोरगी कधीच शिकून झाली होती," त्या म्हणाल्या. "मीच ठेवून घेतली. चूक माझी."

"असं काय म्हनता बाई? ठेवा की अजून चार वर्सं!"

"नको. बरोबरीच्या पोरींत खेळू दे तिला. माझ्यापाशी बसून म्हातारी होईल."

आई पुढं गेली. मी दारातच रडत उभी. "तुम्हाला माहीत होतं?"

"खरं चुकणारं पोर रोज नव्या जागी चुकतं गं. तू रोज एकाच जागी चुकायचीस." मग नेहमीचं ते म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस." पण या वेळी माझ्याकडे न बघता.

मला राग आला, तो चांगला बारा-तेरा वर्षं पुरला. त्या गल्लीतून जाणंच मी टाळलं. कॉलेज झालं, राहात्याला पतसंस्थेत नोकरी लागली, आणि एका रविवारी उगाचच पाय तिकडे वळले. बाई एकट्याच बसल्या होत्या. शिकवणी बंद पडलेली. "पुस्तकात आता सत्तर नऊ म्हणतात म्हणे," त्या म्हणाल्या. "एकोणच काढून टाकलं. मग माझं काय काम?" मग पेपर पुढं केला. "डोळ्यांना काही दिसत नाही बघ. एवढं वाचून दाखवशील?"

मी वाचला. मग दर रविवारी जाऊ लागले. मथळ्यापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचायचं, मध्ये चहा, मध्ये त्यांचं "जोडाक्षर खाऊ नकोस."

एका रविवारी छत्री विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरले. दार लोटलेलं होतं. आत बाई खिडकीशी बसून तोच पेपर वाचत होत्या. चष्मासुद्धा नव्हता. बारीक अक्षरातली जाहिरात, पुटपुटत, एकदाही न अडखळता. मी छत्री तशीच सोडून पावसात भिजत निघून आले. असं रडू आलं म्हणून सांगू!

पुढच्या रविवारी मी पेपर उघडला आणि सावकाश वाचायला लागले. एक बातमी दोनदा वाचली. एका शब्दावर उगाच थांबले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "इतकं हळू वाचायला मी तुला शिकवलं नव्हतं."

मी पेपर खाली घेतला. बाईंनी डोळे उघडले नाहीत. "वाच," म्हणाल्या, "थांबू नकोस." मी वाचत राहिले, त्याच चालीनं. त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधीच काही बोललो नाही.

त्या थंडीत बाई गेल्या. आता रविवारचा पेपर मी घरीच वाचते. दहा मिनिटांत संपतो.