त्याच विमानाने परत

माझे वडील अकरा वर्षं गिरणीत बदली होते. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या मागावर उभा राहायचा तो बदली. रोज सकाळी ते लालबागच्या आमच्या खोलीतून डबा घेऊन निघत आणि गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहत. काम मिळालं तर संध्याकाळी येत, नाही मिळालं तर तासाभरात भरल्या डब्यासकट परत. जिना चढताना डबा कठड्याला लागे. त्या आवाजावरूनच आम्हा भावंडांना कळे, भरलेला आहे की रिकामा. भरलेला असला की आई काही न विचारता तो उघडी आणि भाजी-भाकरी दुपारसाठी झाकून ठेवी.

कधी जॉबर, म्हणजे कामावर माणसं घेणारा मुकादम, त्यांना फाटकाच्या आत घेई, खात्याबाहेर दोन तास बसवून ठेवी आणि मग घरी पाठवी. शेजारी म्हणत, आज तर आत गेला होतात की. त्यावर वडिलांचं उत्तर ठरलेलं असे, "फाटकातून आत घेतलं म्हणजे हजेरी लागली असं नाय."

अशा घरातून मी बी.ए. झालो. सकाळी कॉलेज केलं आणि उरलेला दिवस शिवडीच्या एका गोदामात मालाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. आमच्या घराण्यात त्याआधी मॅट्रिकसुद्धा कोणी नव्हतं. हे मी अभिमानाने सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही.

पदवीच्या जोरावर एका विमान कंपनीच्या तिकीट कचेरीत सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागलो. सहा महिन्यांनी कायम करणार, नाहीतर पुन्हा गोदाम. सगळ्यांत नवा म्हणून नियमांच्या पुस्तकाचं काम माझ्याकडे आलं. कोणत्या देशात उतरायला व्हिसा लागतो, कोणती लस टोचल्याचं कार्ड लागतं, हे सगळं त्या जाडजूड पुस्तकात असे. नियम बदलला की छापील पट्टी येई, ती जुन्या मजकुरावर चिकटवायची. कचेरीतला डिंक चार दिवसांत सुटे, म्हणून मी घरून खळ नेऊ लागलो. तेव्हा आमच्या चाळीत संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं डकवायला पातेलंभर खळ शिजत असे, त्यातली वाटीभर माझी. चाळीतली पोरं विचारायची, कचेरीच्या भिंतीवर पण मुंबई मागतोस काय रे? पट्ट्या लावायच्या कामाला कचेरीत कोणी किंमत देत नसे. पण पट्टी जागेवर बसवायची तर आधी ती वाचावी लागते, आणि मी प्रत्येक पट्टी वाचली होती.

पाच महिने होत आले होते. एक दिवस गिरगावातल्या एक बाई आल्या, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. फाळणीनंतर त्यांचं सगळं माहेर कराचीहून इकडे आलं, थोरला भाऊ तेवढा दुकान सोडून आला नाही. आता त्याचं हृदय थकलं होतं, डॉक्टर त्याला प्रवास करू देत नव्हते. इकडे बाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यांना एका दिवसापेक्षा जास्त सोडून जाण्याची सोय नव्हती. आमचं विमान सकाळी कराचीला जाई आणि दुपारी तेच परत निघे. बाईंचा बेत असा की भावाला विमानतळावर बोलवायचं, दोन तास समोरासमोर बसायचं आणि त्याच विमानाने परत यायचं. पासपोर्ट काढलेला होता, देवी टोचल्याचं कार्ड होतं. व्हिसा नव्हता.

आमचे वरिष्ठ कारकून म्हणाले, त्याच दिवशी परत येणारा माणूस म्हणजे ट्रान्झिट, नुसता वाटेत थांबणारा, त्याला व्हिसा नको, लिहून दे तिकीट. पूर्वी तसं चालतही असावं. पण थोड्याच दिवसांपूर्वी मी त्या पानावर नवी पट्टी लावली होती. ट्रान्झिटची सवलत पुढे तिसऱ्या देशात जाणाऱ्यालाच होती. जिथून आला तिथेच परत जाणाऱ्याला तासाभरासाठीही व्हिसा हवा, नाहीतर विमानातून उतरू देत नसत. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आम्ही मॅट्रिकवर बारा वर्षं तिकिटं लिहिली, बी.ए. साहेब. तुझा उमेदवारीचा एकच महिना राहिलाय ना?"

माझ्याबद्दलचा शेरा तेच लिहिणार होते. त्यांचं ऐकून मी तिकीट लिहून दिलं असतं तर मला कोणी बोल लावला नसता.

बाईही माझ्यावरच चिडल्या. विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नाही, तिथल्या बाकावर बसून भावाला बघणार, त्याला कसला आलाय परवाना, असं त्यांचं म्हणणं. मी नियम दोनदा वाचून दाखवला, त्यांना पटेना. शेवटी मी गिरणीचं फाटक सांगितलं, वडिलांचं आत बसणं आणि भरल्या डब्यासकट घरी येणं सांगितलं. वडील बदली आहेत हे तोवर कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं. ते आता सगळ्यांनी ऐकलं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे मीसुद्धा डबा घेऊन तशीच परत येईन."

"हो. भाऊ बाहेर थांबतील आणि तुम्ही विमानात बसून राहाल."

"मग व्हिसा कुठे मिळतो ते सांग."

अर्धी रजा काढून मी त्यांच्याबरोबर पाकिस्तानच्या व्हिसा कचेरीत गेलो. अर्जात मुक्काम किती दिवस असा रकाना होता. बाई म्हणाल्या, एकही नाही असं लिहू? मी 'एक' लिहायला लावलं. त्यानंतर नुसती वाट पाहणं. मधले दोन दिवस हरताळात गेले, ती कचेरीही बंद. वरिष्ठ रोज मला विचारायचे, "काय बी.ए. साहेब, पोचल्या का बाई कराचीला?"

व्हिसा आला तो माझ्या उमेदवारीच्या शेवटच्या आठवड्यात. बाई ज्या दिवशी गेल्या, त्या दिवशी माझी सुट्टी होती. संध्याकाळी मी सांताक्रूझच्या विमानतळावर जाऊन उभा राहिलो. बाई बाहेर आल्या, हातातला पितळी डबा माझ्याकडे दिला आणि टॅक्सी मिळेपर्यंत धर म्हणाल्या. डबा रिकामा होता. नारळाच्या वड्या भावाने समोर बसून खाल्ल्या, डॉक्टरांनी गोड बंद केलं असूनही खाल्ल्या, असं त्यांनी सांगितलं. कराचीला शिक्का मारून त्यांना लगेच बाहेर सोडलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्याच विमानात एक व्यापारी होता, तोही त्याच दिवशी परतणारा, बिनव्हिशाचा. त्याला शिडीवरूनच मागे फिरवलं, तो सगळा वेळ विमानात बसून होता. त्याचं तिकीट आमच्या वरिष्ठांनी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो व्यवस्थापकांकडे तक्रार घेऊन आला. त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं. पट्टी जागेवर होती, तिचा एक कोपराही सुटलेला नव्हता.

माझा शेरा वरिष्ठांनीच लिहिला आणि चांगला लिहिला. का, ते मी विचारलं नाही.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्याच वर्षी मला कायम केल्याचं पत्र हातात पडलं. वडील तेव्हाही बदलीच होते. नोकरीत कायम झालेला आमच्या घरातला पहिला माणूस मी.