गुणाजी राऊळची तिसरी तार

गुणाजी राऊळ स्वतःबद्दल एक गोष्ट हसत हसत सांगायचा, "माझ्या हाताला गुण आहे, फक्त तो वस्तू बंद पाडायचा." कांजूरमार्गच्या मोरेश्वर निवासमध्ये हे त्याने सांगायची गरज नव्हती. त्याच्या हातून परत आलेली इस्त्री ज्यांच्या घरात होती, त्यांना ते तोंडपाठ होतं. दिवसभर तो भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये बसून चिठ्ठ्या घेऊन नटबोल्ट द्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या वस्तूंचे नटबोल्ट काढायचा. पोस्टाने येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्सचे बारापैकी सात धडे त्याने पुरे केले होते. उरलेलं ज्ञान लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत काउंटरला टेकून, दुसऱ्या गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकून गोळा केलेलं.

त्याचा खरा अभिमान म्हणजे घरी बनवलेला स्टिरिओ अॅम्प्लिफायर. दोन वर्षं खपून बनवला होता. पुढे चार काळे नॉब. त्यातला एक कशालाच जोडलेला नव्हता, पण तिनापेक्षा चार बरे दिसतात म्हणून बसवला होता आणि पाहुण्यांसमोर गुणाजी नेमका तोच फिरवायचा. दोन बाजूंना प्लायवूडचे दोन खोके, म्हणजे स्पीकर. एकावर त्याच्या आईचा पानाचा डबा असायचा. खर्जातला आवाज आला की अडकित्ता नाचायचा, आणि गुणाजी म्हणायचा, "बघितलंत? हाच बेस."

बिल्डिंगमध्ये त्याला सगळे साउंडवाला म्हणायचे. आदल्या वर्षी सत्यनारायणाला त्याने लावलेला माइक असा काही किंचाळला की भटजींनी पोथी मिटून दोन्ही कानांत बोटं घातली. तरी नाव टिकलं. चेष्टेने पडलेली नावंच जास्त टिकतात, आणि गुणाजीला ते मनातून आवडायचं.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. संपात गिरणी बंद पडल्यावर गुणाजीचा धाकटा भाऊ लवू मस्कतला गेला होता. त्याची पत्रं यायची, पण आईला, म्हणजे रुक्मिणीबाईंना, वाचता येत नव्हतं. गुणाजीची बायको सुलक्षणा वाचून दाखवायची. मग म्हातारी म्हणायची, "ह्यो तुझो आवाज, बाय. माझ्या झिलाचो खंय हा?" म्हणून या खेपेला लवूने पत्राऐवजी एक कॅसेट भरून पाठवली आणि सोबत ती ऐकायला एक छोटा वॉकमन. दोन्ही घेऊन आला त्याच्याच कंपनीतला नंदकिशोर. लवू कसा आहे विचारल्यावर तो "मस्त आहे" म्हणाला आणि चहा न घेताच उठला.

गुणाजीने कानाला हेडफोन लावून कॅसेट ऐकली. लवू खणखणीत बोलत होता. एसीची खोली आहे, आम्ही दोघंच राहतो, जेवायला मासे असतात, माझी काळजी करू नका. मग मुद्द्याचं. दोन महिन्यांनी करार संपतोय. कंपनी आणखी दोन वर्षं ठेवायला तयार आहे. आईने हो म्हटलं तर राहतो, नाही म्हटलं तर येतो. नंदकिशोर मंगळवारी परत निघतोय, त्याच्याकडे उत्तर भरून द्या.

गुणाजीने ती चार वेळा ऐकली आणि आईला सांगून टाकलं, "आये, राजासारखो हा तो. ऱ्हवांदे."

पण हो-नाही आईने म्हणायचं होतं, आणि त्यासाठी तिने ऐकायला हवं होतं. हेडफोन तिने लावला आणि लवूचं पहिलं वाक्य संपायच्या आत ओढून काढला. "कानात शिरान कित्याक बोलता तो? घरात बसान बोलाक सांग त्याका."

घरात टेपरेकॉर्डर नव्हता असं नाही. तो सुधारणेसाठी उघडलेला होता आणि गणपतीपासून पलंगाखाली एका पातेल्यात सुट्या भागांत पडून होता. शेजारच्या मालनबाईंनी आपला टू-इन-वन देऊ केला. गुणाजीला तो अपमान वाटला. घरात एवढा अॅम्प्लिफायर असताना शेजाऱ्यांचा डबा आणायचा?

"रविवारी सकाळी सगळ्यांनी या," त्याने परस्पर जाहीर केलं. "लवू इथे बसल्यासारखा बोलेल."

सुलक्षणा म्हणाली, "आधी एकदा लावून बघ ना. मग बोलव."

"तू स्वयंपाक करताना आधी चाखून बघतेस का?"

"बघते," सुलक्षणा म्हणाली. पण गुणाजी तोवर सोल्डरिंग आयर्न शोधायला गेला होता.

काम तसं सोपं. वॉकमनला हेडफोनची पिन जाते, तिथून वायर काढून अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे जोडायची. पिनेला तीन तारा: एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची आणि तिसरी दोघांची सामाईक. शनिवारी दुपारी गुणाजीने बोट भाजून घेऊन तिन्ही जोडल्या. कॅसेट न घालताच अॅम्प्लिफायर चालू केला, तर स्पीकरमधून घूं आवाज येऊ लागला. आता लॅमिंग्टन रोडला एका काउंटरवर त्याने कोणाला तरी सांगताना ऐकलं होतं की घूं येत असेल तर अर्थिंगची, म्हणजे ती सामाईक, तार एका बाजूने सोडून द्यायची. कोणाला सांगितलं होतं आणि कशासाठी, ते त्याने ऐकलं नव्हतं. त्याने तिसरी तार कापली. घूं थांबली. सातव्या धड्यानंतर शिकण्यासारखं फारसं उरत नाही, असं त्याला त्या दुपारी प्रामाणिकपणे वाटलं.

रविवारी आई इरकली लुगडं नेसून स्पीकरसमोर पाट घेऊन बसली. मालनबाई आल्या, आणखी चारपाच जण आले. गुणाजीने न जोडलेला नॉब थोडा फिरवला आणि बटण दाबलं.

लवू बोललाच नाही.

आवाज मोठा येत होता, पण लवूचा नव्हता. पंखा खडखडत होता. लोखंडी खाटा कुरकुरत होत्या. भांडी आपटत होती, आणि हिंदीत कोणीतरी ओरडत होतं की लाइनमध्ये उभे राहा, पाणी जाईल. खूप माणसं होती. अधूनमधून तळघरातून आल्यासारखं लवूचं पुसट काहीतरी यायचं आणि जायचं.

"अरे गुणाजी, हा लवू आहे की एसटी स्टँड?" मालनबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. गुणाजीही हसला. मग घाम पुसत त्याने चारही नॉब फिरवले, पिन उपसून पुन्हा घातली, खोक्याला एक धपाटा मारला. एसटी स्टँड तसाच. त्याने बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नको," आई म्हणाली. "गप ऱ्हवा सगळी."

तिने डोळे मिटून कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत ऐकलं. मंडळी कंटाळून एकेक करून गेली. टक्कन बटण वर आल्यावर तिने विचारलं, "किती माणसां आसत रे त्या खोलीत?"

"दोघं, आये. तो सांगता ना."

"धा-बारा तरी आसत. आणि मधी मधी खोकता तो लवू."

"नाय गो, तो कोण दुसरो."

"माका शिकवतस? तोंड फिरवून खोकता तो. माका कळाक नको म्हणान."

गुणाजीने वॉकमन उचलला आणि हेडफोन लावून पाचव्यांदा ऐकलं. या वेळी त्याने लवू काय बोलतोय त्याकडे लक्षच दिलं नाही. दोन वाक्यांच्या मध्ये लवू थांबत होता. गुणाजीला वाटलं होतं शब्द शोधतोय. तो दरवेळी मान डावीकडे वळवून खोकत होता. बारीक, दाबून, पण बराच वेळ. एका कानात स्पष्ट येत होतं.

आपण काय केलं हे त्याला दुपारी उमगलं. सामाईक तार तोडली की दोन्ही बाजूंना जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि बाजूबाजूचं तेवढं उरतं. लवू दोन माइकच्या टेपरेकॉर्डरच्या बरोबर समोर बसून बोलला होता, म्हणून बोलणारा लवू गेला. उरली ती त्याची खोली, आणि तोंड फिरवून खोकलेला लवू. गुणाजीने तिसरी तार पुन्हा जोडली. घूं आली, पण त्यावर लवूचा खणखणीत आवाजही आला. एसीची खोली, मासे, काळजी करू नका. अडकित्तासुद्धा नाचला.

आईने पान लावत सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले. "बरो बोलता," ती म्हणाली. "बापाशीसारखो. बापूसही खोटां बोलताना असोच मोठ्यान बोलायचो."

गुणाजीला ते लागलं. ज्याला अख्खी बिल्डिंग साउंडवाला म्हणते, त्याने चारदा ऐकून सख्ख्या भावाचा खोकला ऐकला नव्हता, आणि वर राजासारखा आहे, राहू दे, असं आईला सांगूनही टाकलं होतं. एरवी अशा फजितीवर पहिला विनोद तोच करायचा. सुलक्षणा त्या विनोदाची वाट बघत होती, पण त्याने उठून अॅम्प्लिफायर बंद केला.

सोमवारी तो स्वतः मालनबाईंकडे गेला आणि टू-इन-वन मागून आणला. मालनबाईंनी काही टोमणा मारला नाही, हे त्याला जास्त लागलं. कोरी कॅसेट घालून त्याने मशीन आईसमोर ठेवलं आणि सवयीने सांगितलं, "आये, एवढ्या लांबून, सरळ समोर बघून बोल."

आईने मशीन ओढून मांडीवर घेतलं. "लवू, थंय ऱ्हवाक नको तू. माका सगळां ऐकाक इला. खोकल्याक तुळशीचो काढो घे, आणि ये." एवढंच बोलून तिने ते गुणाजीकडे सरकवलं.

टेप फिरत राहिली. माइक किती अंतरावर धरावा याची व्याख्यानं बिल्डिंगभर देणाऱ्या गुणाजीने मशीन आईसारखंच मांडीवर घेतलं. त्याने एकदा मान डावीकडे वळवली, घसा साफ केला आणि परत समोर आणली.

"लवू, मी गुणाजी," तो म्हणाला. "तुझी कॅसेट मी चार वेळा ऐकलंय. आवशीक तुझो खोकलो एकदाच ऐकून कळलो, माका नाय कळलो. तू घराक ये."